माझ्या तळावरचं नाव

मित्रांनो, कान द्या जरा, मला सगळं एका दमात सांगायचंय! मी एक जुना लाकडी पेला आहे. मला दोन कान आहेत, दोन्ही बाजूंना एकेक. का? तर मला दोन्ही हातांनी धरायचं, प्यायचं आणि शेजारच्याला द्यायचं. स्कॉटलंडमधल्या एका सुताराने मला कोरलं, ग्लेनार्डी नावाच्या घराण्यासाठी. तेव्हा ते गरीब होते बरं का! म्हातारा रॉबर्ट ग्लेनार्डी जहाजात बसून अमेरिकेला, व्हर्जिनियाला निघाला, तेव्हा त्याच्या गाठोड्यात एक घोंगडी होती आणि मी होतो. बस.

तिथे त्याने तंबाखू लावली आणि घराणं असं वर आलं, की विचारू नका! मोठं घर, घोडे, माझ्या काठाला चांदीची पट्टी. पट्टीवर घरातल्या प्रत्येकाचं नाव. घरचा रिवाज असा, की पिऊन झालं की मला उलटा करून सगळ्यांना दाखवायचं, थेंबही उरला नाही म्हणून.

पण तंबाखू कोण तोडायचं? गुलाम माणसं. स्वयंपाक कोण करायचं? डायना. तीही गुलामच. मला रोज तीच पुसायची, तिच्या हाताला कांद्याचा वास असायचा.

मग युद्ध झालं आणि शत्रूच्या शिपायांनी घर पेटवलं. सगळे बाहेर पळाले, मी आतच! आणि डायना आत शिरली, मित्रांनो, माझ्यासाठी! बाहेर आली तेव्हा तिची बाही जळत होती. रॉबर्टचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "डायना, तुझं नाव या पट्टीवर कोरीन. आणि तुला मोकळी करीन."

सोनार आला. मुलगा म्हणाला, "पट्टीवर? छे, तिथे फक्त घरचे."

मग डायनानेच सुरीच्या टोकाने माझ्या तळावर आपलं नाव कोरलं. पाच वाकडी इंग्रजी अक्षरं. पंधरा दिवसांत त्याने तिला विकून टाकलं. पुढे कुठे गेली, मला कधीच कळलं नाही.

वर्षं गेली. माझा तळ मळाने काळा झाला, नाव दिसेना. ग्लेनार्डींचा आत्ताचा वारस, कॅलम, नोकरीसाठी सिंगापूरला आला आणि मला घेऊन आला. त्याच्या हाताखाली नरेश काम करतो, नागपूरचा. लाकडाची, धातूची चिकित्सा करणारा संशोधक. माझा एक कान तडकला होता, म्हणून कॅलमने मला नरेशकडे दिलं आणि मी पोचलो बेडोक भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये.

तिथे नरेशची मुलगी एकता. अकरा वर्षांची, तोंडाला विश्रांती नाही! नरेश ओल्या कापसाने माझा तळ पुसत होता आणि ती भिंग लावून बघत होती.

"बाबा, वेट! इथे काहीतरी लिहिलंय. डी... आय... डायना! कोण ही?"

नरेशने कॅलमने माझ्याबरोबर दिलेले ग्लेनार्डींचे जुने कागद काढले. आगीची हकिकत सापडली, डायनाच्या विक्रीची चिठ्ठी सापडली. ती चिठ्ठी त्याने एकतापुढे ठेवली. मग म्हणाला, "तुझ्या आजोबांना शाळेत नावाने हाक मारत नसत, माहितीये? जातीने हाक मारायचे."

"मग कार्यक्रमात पेल्यापुढे माहितीचं कार्ड ठेवणारेत, त्यावर हिचं नाव पाहिजेच ना?"

"पाहिजेच. मी बोलतो कॅलमशी."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस, बेटा."

मी किती खूश झालो काय सांगू! सेरंगून भागात कॅलमच्या कॉन्डोत, म्हणजे त्याच्या आलिशान फ्लॅटमध्ये, घराण्याच्या इतिहासाचा कार्यक्रम होता, शंभर पाहुणे. तिथे तिचं नाव वाचलं जाणार!

पण नरेश मला घेऊन कॅलमकडे गेला आणि डायनाबद्दल बोलला, तेव्हा कॅलम म्हणाला, "नरेश, लोक आनंदाने येणार आहेत. त्यांना हे कशाला? खाली फेल्ट लाव, टेबलावर ओरखडे पडतात. आणि हो, तुझ्या पासच्या, इथल्या नोकरीच्या परवान्याच्या, नूतनीकरणाच्या पत्रावर सोमवारी सही करतो."

नरेशने हिरवं फेल्ट, ते जाड लोकरी कापड, गोल कापलं. गोंद लावला. अंगठ्याने दाबलं, मित्रांनो, नेमकं तिच्या नावावर. ज्या हातांनी मला बरं केलं, त्याच हातांनी. घरी त्याने एकताला काहीच सांगितलं नाही.

कार्यक्रमात कार्डावर लिहिलं होतं, 'ग्लेनार्डी कुटुंबाने आगीतून वाचवलेला पेला.' माझ्यात लिंबाचं सरबत ओतलं, मी हातोहात फिरलो आणि एकतापाशी आलो. ती गटागटा प्यायली आणि मोठ्या ऐटीत मला उलटं केलं. तिला वाटलं, आता सगळे नाव बघणार!

हिरवं फेल्ट.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकताने नखाने कड उचकटून पाहिली, निघेना. मग ती ओरडली, "ह्याला डायनाने वाचवलं! तिचं नाव आहे खाली! बाबा, तू सांग ना!"

कॅलम हसत नरेशकडे वळला. "डायना? कोण डायना?"

त्याला ठाऊक होतं, मित्रांनो. नरेशलाही ठाऊक होतं. नरेशने बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "तिच्या शाळेतली मैत्रीण आहे."

सगळे हसले. एकताने मला पुढे दिलंच नाही. टेबलावर ठेवलं आणि बाबाचा हात न धरता एकटीच लिफ्टकडे गेली.

आता मी काचेच्या कपाटात आहे. येणारे जाणारे म्हणतात, वा, किती छान जपलाय! मित्रांनो, मला पुसू नका, चकाकवू नका, तडकलो तर तडकू द्या. पण कुणी तुमच्याकडे एखादं नाव सांभाळायला दिलं आणि चार लोकांत विचारलं, "कोण ही?", तर खरं सांगा. तेवढं एक जपा.