हिमबाबांचा लाजाळू गारवा

दुपारी दोनला पत्र्याच्या कारखान्यात शटर ओढून चाळीस माणसं बसली होती आणि थंडीने कुडकुडत होती. निदान तसं ती म्हणत होती.

कारखाना आमचाच, पंखे दुरुस्तीचा. दुरुस्त झालेला पंखा गिऱ्हाईक लगेच घेऊन जातं, त्यामुळे आमच्याकडे कायम मुक्कामाला असतात ते न फिरणारेच. वरचा पत्रा एवढा तापतो की कावळे त्यावर एका पायावर उभे राहतात, तोही बदलत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं त्याच पत्र्याखाली तारा गुंडाळतायत. यंदा त्यांना दोनदा भोवळ आली, म्हणून शेजारचे शिंपीकाका हिमबाबांना घेऊन आले. बाबांनी हिम बहुधा फ्रीजमध्येच पाहिलं असावं. पण त्यांनी कपाळाला, मानेला पांढरा लेप फासला की अंगात डिसेंबर संचारायचा. नियम एकच, शटर बंद हवं, नाहीतर गारवा पळतो. कुणी शंका घेतली तरी पळतो. एवढा लाजाळू गारवा मी जन्मात पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी बाबांपुढची मेणबत्ती हळूहळू वाकली. तिने नमस्कार केला म्हणून लोक गहिवरले. दुसऱ्या दिवशी तिने साष्टांग घातला.

तिसऱ्या दिवशी वहिनी कामावरून थेट आत आली. ती डेअरीत दूध तपासते, पर्समध्ये थर्मामीटर असतो. पारा त्रेचाळीसवर होता. तिने काचेला लेप फासला. पारा त्रेचाळीसवरच. यंत्राला श्रद्धा नसते, असं बाबांनी समजावलं.

"म्हणूनच आणलंय," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात शिंपीकाकांनी जाहीर केलं की अण्णांचा घाम थांबला, कृपा झाली. सगळ्यांनी हात जोडले. अण्णांनी माझ्याकडेच बोट दाखवून विचारलं, ह्या पंख्याचं गिऱ्हाईक कधी येणार? मी हसलो. मग लक्षात आलं, ते विनोद करत नव्हते.

वहिनीने त्यांच्या पाठीला हात लावला. पाठ कोरडी, तव्यासारखी.

"भावजी, शटर उघडा."

बाबा शटरला पाठ लावून उभे राहिले. गारवा जाईल, म्हणाले.

"गेला तर जाऊ दे. माझा सासरा मी जाऊ देणार नाही."

मी शटर उचललं. टेकलेले बाबा उताणे रस्त्यावर गेले. बाहेर एकोणचाळीस होतं, तरी आतली माणसं म्हणाली, काय गार वारा आहे. अण्णांना सावलीत निजवून आम्ही पाणी ओतलं, पुठ्ठ्याने वारा घातला, रिक्षातून दवाखाना गाठला. अजून अर्धा तास गेला असता तर अण्णा हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

अण्णा शुद्धीवर आल्यावर, दुसऱ्या दिवशी, वहिनीने भर रस्त्यात पाण्याची बादली मांडली. शिंपीकाकांच्या डाव्या हाताला लेप, उजवा कोरा, दोन्ही हात पाण्यात. डावा बर्फात आहे, काका म्हणाले, उजवा कोमटात.

"बादली एकच आहे ना, काका? मग बर्फ कुठंय?"

काकांनी डावा हात बाहेर काढला आणि लेप खसाखसा पुसून टाकला.

लेपात मेंथॉल होतं, खोकल्याच्या गोळीत असतं तेच. थंडी ओळखणाऱ्या नसांना ते चिथावतं. उष्णता तिथेच राहते, फक्त तिची बातमी बंद पडते. गार वाटतं म्हणून माणूस उठत नाही, आणि बंद शटरमागे भाजत राहतो.

बादलीच अपवित्र आहे, असं म्हणून बाबा गावातून गेले. जाताना लेप लावला नव्हता. गाडीला एसी होता.

आम्ही पत्र्याला चुन्याचे दोन हात दिले, मागच्या भिंतीत वरती झरोका पाडला, दारात ओली पोती टांगली आणि भर दुपारचं काम बंद केलं. आता आत गार नाही, पण बसवतं. चुन्याचा मंत्र कोणता, असं लोक अजून विचारतात. मंत्र नाही. वाळू द्यायचा.

तुमच्याही डोक्यावर पत्रा असेल तर कृपेची वाट पाहू नका, शिडी लावा. आणि उन्हाळ्यात एखाद्याचा घाम आटून तो भलतंच बोलू लागला, तर हात जोडू नका. त्याला उचलायला ते दोन्ही लागतात.