कोंबड्यांसाठी नेलेला पाव

मी टोपली बोलतेय. कालच्या पावांची. लगेच नाक मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या.

एका म्हाताऱ्या कारागिराने दोन दिवस खपून मला विणलं. वेत ओला असेपर्यंत हवा तसा वाकतो, एकदा सुकला की कुणाचं ऐकत नाही. माझा स्वभावही तसाच. बेकरीवाल्या बाबांनी मला आणलं ते थेट काउंटरवर बसवलं. भट्टीतून निघालेले गरम पाव माझ्यात पडायचे. काय थाट होता माझा! मग आतून दिवे लागणारं काचेचं कपाट आलं आणि माझी रवानगी दाराजवळच्या कोपऱ्यात झाली. तिथे माझ्यात कालचे उरलेले पाव ठेवू लागले, अर्ध्या किमतीत.

आधी मी रुसले. पण त्या कोपऱ्यातून माणसं फार छान दिसतात हो. गाडीतून उतरणारे एक साहेब सरळ येऊन चार पाव उचलतात, वर सगळ्यांना ऐकवतात, "माणसानं बचत करावी." ज्यांना खरंच नड असते, ती माणसं मात्र माझ्यापाशी येऊन उगाच चपलेचा पट्टा नीट करत बसतात.

शिवणवाल्या ताई त्यातल्याच. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं मशीन चालतं. नवरा होता तोवर त्या कपाटातला ताजा पाव घ्यायच्या. तो गेल्यावर काही महिन्यांनी एकदा माझ्यापाशी वाकल्या आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाल्या, "कोंबड्यांसाठी हवाय." तिसऱ्या मजल्यावर कसल्या आल्यात कोंबड्या? पण बाबांनी मुकाट्याने पाव कागदात बांधून दिला. मग रोजचंच झालं. एक पाव, कोंबड्यांसाठी.

पुढे बाबांची सून काउंटरवर बसू लागली. पोरगी मनाने लाख, पण भोळी. तिने ताईंसाठी म्हणून आठवडाभर जळके तुकडे, कडक कडा, पत्र्याला चिकटलेलं खरवडण असं सगळं पिशवीत साठवलं. ताई आल्या तशी ती पिशवी त्यांच्या हातात ठेवली आणि माझ्यातून त्यांनी उचललेला पाव हळूच परत ठेवून घेतला.

"कोंबड्यांना हे चालेल की ताई. पैसे कशाला घालवता?"

दुकानात पाच-सहा माणसं होती. ताई हसल्या, पिशवी घेतली आणि गेल्या. मला हात असते तर तो पाव मी त्यांच्या पिशवीत टाकला असता.

चार दिवस त्या फिरकल्या नाहीत. पाचव्या दिवशी बाबा आपली पँट आखूड करून घ्यायला त्यांच्याकडे गेले. परतले ते खाली मान घालून. सुनेला जवळ बोलावून त्यांनी सांगितलं, की ताईंची मुलगी ओट्यापाशी उभी राहून जळक्या कडा सुरीने खरवडत होती, चहात बुडवायला.

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ताजे पाव घेऊन आत्ताच माफी मागून येते म्हणाली. बाबांनी तिला अडवलं.

"तू माफी मागितलीस तर आपल्याला सगळं कळलंय हे तिला कळेल. मग ती या दारात कधीच यायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला उचललं, झटकलं आणि पुन्हा काउंटरवर बसवलं. इतक्या वर्षांनी! शेजारी एक छोटी शेगडी ठेवली. माझ्यातला कालचा पाव कापून त्यावर भाजला आणि गिऱ्हाइकांच्या देखत चहाबरोबर खायला बसले. कुणी हटकलंच तर सांगायचे, की तीस वर्षं आमच्या घरी हाच खातात, ताज्या पावाला भाजल्यावर ही चव येत नाही. यात खोटं काहीच नव्हतं, फक्त आजवर ते कधी बोलले नव्हते. बघता बघता लोक कालचाच पाव मागू लागले. चपलेचे पट्टे एकदम टिकाऊ झाले म्हणायचे!

ताईंनी हे खिडकीतून पाहिलं असावं. दोन दिवसांनी त्या आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला तशा सवयीने म्हणाल्या, "कोंबड्यांसाठी..." आणि थांबल्या.

सुनेने माझ्यातले दोन पाव पुढे केले. एक भाजायला बरा, एक मऊ, एवढंच सांगितलं.

ताई दोन्हींकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मऊ द्या. माझ्या मुलीला मऊ आवडतो."

मागून त्या गाडीवाल्या साहेबांनी विचारलं, "आणि तुमच्या कोंबड्या?"

"दिल्या देऊन," ताई म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. सून काहीतरी शोधायला म्हणून काउंटरखाली वाकली, ती बराच वेळ वर आलीच नाही.

आता मी म्हातारी झालेय. माझ्या काठाचे वेत सुटून बोटांना टोचायला लागले, तेव्हा ताईंनीच उरलेल्या कापडांचं अस्तर आतून शिवून दिलं. पैसे घेतले नाहीत. बाबांनी आग्रह केला तशा म्हणाल्या, "आमचीच टोपली आहे ती."

तुम्हीही या. मान वर करून या, हवा तो पाव उचला. आणि कोंबड्यांचं मला सांगू नका.