शकुबाईच्या ब्यागांची खोली

जळोचीच्या सर्जेरावांच्या घरात जागेची अडचण आहे असं कुणी म्हटलं असतं, तर गाव हसलं असतं. आठ खणांचं घर, पुढं ओसरी, मागं परडं, कालव्याच्या पाण्यावर डुलणारा ऊस आणि नव्या सहकारी कारखान्याचं सभासदत्व. पण त्यांची एकुलती एक लेक सारजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिची बाज कुठं टाकायची हा पेच पडला. कारण घरातली सगळ्यात चांगली खोली रिकामी नव्हती. तिथं सारजाच्या आईच्या, शकुबाईच्या, ब्यागा राहत होत्या.

शकुबाईला ही हौस लागली ती लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. कारखान्याला पहिला ऊस गेला त्या साली सर्जेराव पुण्याहून एक तपकिरी कातड्याची, पितळी कडीची हातब्याग घेऊन आले. डॉक्टरणीच्या हातात असते तशी. शकुबाईनं ती हातात धरली, आरशासमोर उभी राहिली, आणि लागली की गोडी! मग सोलापूरहून मखमली आली, मुंबईहून मण्यांची आली, कुणी वेताची दिली, कुणी लोकरीची विणून दिली. पाहुणेरावळेही शहाणे, खण-नारळाऐवजी ब्यागच आणू लागले. साठ-सत्तर तरी झाल्या असतील. बरं, एवढ्या ब्यागा घेऊन ही बाई जाणार कुठं? खुरपायला? पाणवठ्यावर? बारामतीच्या बाजारालासुद्धा ती पदराच्या गाठीत सुटे पैसे बांधूनच जायची. ब्याग वापरली तर खराब होणार ना!

ठेवण्याची कला मात्र तिच्याकडूनच शिकावी. ओसरीच्या उजव्या अंगाला पूर्वेकडं दोन खिडक्या असलेली खोली तिनं त्यासाठी धरली होती. कातडी ब्यागांच्या पोटात जुन्या धोतराच्या चिंध्या, म्हणजे आकार बसत नाही. मण्यांच्या ब्यागा फळीवर आडव्या, टांगल्या तर दोरा तुटतो. मखमली मलमलीत गुंडाळून पेटीत, आत वेखंड आणि कडुलिंबाचा पाला, कसर लागू नये म्हणून. वेताच्या तेवढ्या आढ्याला. रोज सकाळी खिडक्या उघडून हवा आत घ्यायची, ऊन तापायच्या आत पडदा ओढायचा, आणि चूल पेटली की दार लावून घ्यायचं, कारण धूर कातड्याला मानवत नाही. पुण्याच्या त्या पहिल्या ब्यागेला तर जाड कापडाची गवसणी शिवली होती. पंधरवड्यातून एकदा ती काढायची आणि कातड्यावरून तेलाचा बोळा फिरवायचा. गावातल्या बायका पाहायला आल्या की शकुबाईचा चेहरा असा फुलायचा की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. खोटं कशाला बोला, हौस काही वाईट नव्हती.

सारजाची सोय झाली माजघरामागच्या कोठीत.

"बाळंतिणीची खोली तीच," शकुबाईच्या सासूबाई धोंडाबाई म्हणाल्या. "माजी समदी बाळंतपणं तितंच झाली, शकूचीबी तितंच. वारं लागत न्हाय, कुणाची दृष्ट लागत न्हाय. पोट दिसाय लागल्यावर पोरीनं चारचौघांत मिरवायचं नसतं."

शकुबाईनं मान डोलावली. कोठीला खिडकी नव्हती. एकीकडं ज्वारीच्या कणग्या, दुसरीकडं रचलेल्या शेण्या-गोवऱ्या, कोपऱ्यात शेगडी आणि दाराला गोधडी. वर श्रावणाची झड लागलेली, त्यामुळं भिंतींनाही ओल आलेली. सारजा आली त्या दिवशी हसत आत गेली. आठवडाभरात तिला खोकला लागला. 'पहिलटकरणीला काय ना काय व्हतंच' असं म्हणत शकुबाई तिला सुंठीचा काढा पाजायची आणि काढा संपला की ब्यागांच्या खिडक्या उघडायला जायची.

तेवढ्यात इंदापूरकडच्या बावड्याहून शकुबाईची थोरली बहीण फुलाबाई मदतीला आली. फुलाबाईची सून साखरबाई गेल्याच वर्षी बाळंतपणात गेली होती. तेव्हापासून ती कमी बोलायची, पण बोलायची ते सरळ. शकुबाईनं तिला हातपाय धुऊ दिले आणि आधी ब्यागांच्याच खोलीत नेलं.

"आक्का, ही बग. मुंबईची. मणी कसं चमकत्यात!"

"झ्याक हाय. सारजा कुठं हाय?"

"हाय की, कोठीत."

फुलाबाई कोठीत गेली आणि नाकाला पदर लावून बाहेर आली. "शके, त्या पोरीला तितं श्वास घ्यायला जागा न्हाय. ही खोली दे तिला."

"आन ह्या कुठं ठिऊ?"

"ठीव की त्या कोठीत."

"काय बोलतीस आक्का! कातडं हाय हे. दमट जागंत बुरा धरतं, धुरानं काळं पडतं. मखमल तर दोन दिसांत वास मारती."

"माजी साखरबाई असल्याच खोलीत गेली, शके. ताप चढला, खोकून खोकून दम लागला, आन आमी दाराला आनिक एक गोधडी लावली. वारं लागू नये म्हणून."

शकुबाईनं हातातली मण्यांची ब्याग फळीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, "ज्येचं त्येचं नशीब, आक्का. माजी सारजाबी तितंच झाली न्हवं?"

"आन तिच्या आदीची दोन?"

हा घाव वर्मी बसला. सारजाच्या आधी शकुबाईला दोन मुलं झाली होती आणि दोन्ही सव्वा महिन्याच्या आत गेली होती. त्यांचं नाव घरात कुणी काढत नसे. "सटवाईनं न्हेली ती! घरात भरल्या दिवसांची लेक असताना अभद्र बोलू नगंस," असं म्हणून ती तरातरा निघून गेली. दोन दिवस दोघी बहिणी एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. सारजाचा खोकला मात्र वाढत राहिला.

असे आठ-दहा दिवस गेले आणि श्रावणातला शेवटचा शुक्रवार आला. शकुबाईनं भिंतीवर जिवतीचं चित्र लावलं, लेकीच्या आणि तिच्या पोटातल्या जिवासाठी पुरणाच्या दिव्यांनी ओवाळलं, आणि संध्याकाळी शेजारणी हळदीकुंकवाला आल्या. एकीनं लाडीगोडी लावली, "शकुवैनी, ती पुण्याची ब्याग दावा की! लई नाव ऐकलंय."

शकुबाईला तेवढंच हवं होतं. तिनं गवसणी काढून आणली, नाडी सोडली, आणि आतून निघाल्या नुसत्या चिंध्या! ब्याग नव्हती.

मग काय विचारता! फळ्या झाल्या, पेट्या झाल्या, परडं झालं. सगळ्या बायका शोधायला लागल्या. शेवटी शकुबाई हातात कंदील घेऊन कोठीत शिरली. तिथं सारजाच्या उशाशी, खुंटीवर, ब्याग टांगलेली होती.

पण ती ओळखू येत नव्हती. कातड्यावर पांढरा बुरा धरला होता, पितळी कडी काळी पडली होती, आणि हातात घेतली तर धुराचा उग्र दर्प आला. शकुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"कुणी टांगली ही हितं? कुणी? आगं, असल्या जागंत ती टिकंल व्हय? हवा न्हाय, उजेड न्हाय, वर धूर! पार मातेरं झालं की गं माज्या ब्यागंचं!"

बाजेवरून सारजानं खोकत खोकत मान उचलली.

"आई, मीबी हितंच हाय की गं," ती म्हणाली.

शकुबाईनं कंदील ब्यागेवरून लेकीकडं वळवला. इतके दिवस ती रोज या खोलीत येत होती, पण आली तशी काढा पाजून जात होती. आज तिनं लेकीचं तोंड पाहिलं. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे, श्वास घेताना गळ्याची शीर ताणलेली. मागून आलेल्या शेजारणी दारात गोळा झाल्या.

"म्या टांगली ती ब्याग, आपून भांडलो त्याच दिशी," फुलाबाई पुढं होऊन म्हणाली. "तू माजं ऐकंनास. म्हटलं, ब्यागंचं तरी ऐकशील. मार मला हवं तर. पर शके, कातड्याला जे सोसत न्हाय, ते तुज्या हाडामासाच्या लेकीला कसं सोसंल गं?"

"बाई गं! काय करून बसले मी हे!" शकुबाईच्या हातून ब्याग खाली पडली, आणि तिनं ती उचललीही नाही. "उचला गं सारजीला! आत्ताच्या आत्ता त्या खोलीत न्ह्या!"

दार अडवून उभ्या राहिल्या धोंडाबाई. "खिडकीच्या खोलीत बाळंतीण? येडी झालीस काय शकू? वारं लागंल. आजवर कुणी केलंय असं?"

"आत्याबाई, वाऱ्याच्या तोंडाशी न्हाय झोपवायची," फुलाबाईनं समजुतीनं सांगितलं. "बाज आतल्या कोपऱ्यात टाकू. अंगावर पांघरूण, डोईला फडकं, खिडकीला पडदा. पर खोलीत हवा खेळाया पायजे. माणसाचा श्वासच भाईर जाईना, तर तो तितंच नासतोय. सरकारी नर्सबाईबी तेच सांगत हुत्या. आमी ऐकलं न्हाय. आता माजा नातू आईवाचून शेरडीच्या दुधावर वाढतोय."

धोंडाबाई हलेनात. तेवढ्यात सर्जेराव रानातून आले. गलका ऐकून कोठीशी थांबले, सगळं ऐकून घेतलं आणि डोक्यावरचं पोतं खाली ठेवत आईला म्हणाले, "आये, आपून कांदा कुठं ठिवतो?"

"चाळीत. आता कांद्याचं काय मधीच?"

"चाळीत का म्हणून? समद्या अंगानं वारं लागावं म्हणून. कोंडून ठिवला तर आठ दिसांत पाणी सुटतं त्येला. कांद्याचं कळतं आन लेकीचं कळत न्हाय, काय म्हनावं आपल्याला? मीबी त्यातलाच. रोज कोठीवरनं जातोय, कधी गोधडी उचलून बगितलं न्हाय."

 म्हातारी दारातून बाजूला झाली.

त्या संध्याकाळी जळोचीत गंमतच झाली. सत्तर ब्यागा ओसरीवर आल्या आणि त्या जागी एक बाज आत गेली. आता या कुठं ठेवायच्या म्हणून बायका शकुबाईकडं बघू लागल्या. शकुबाईनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. मुंबईच्या मण्यांच्या ब्यागेवरून हात फिरवला. पण मग तिनं पदर खोचला.

"ठिवायच्या कशाला? घ्या गं एकेक. पर अट हाय. खुंटीला लावायची न्हाय, वापरायची!"

कुणी मण्यांची घेतली, कुणी वेताची बाजारासाठी घेतली. सुईण रंगूबाईला सगळ्यात मोठी कातडी ब्याग मिळाली. तिची कात्री, उकळलेला दोरा आणि स्वच्छ फडकी आजवर गाठोड्यात फिरायची, ती आता ब्यागेतून फिरू लागली. ओसरी रिकामी झाली तशी शकुबाई उंबऱ्यावर टेकली आणि तिनं मोठा श्वास घेतला. पोर मोकळ्या हवेत निजली होती. आणि उद्या सकाळी उठून कुणाच्या चिंध्या बदलायच्या नव्हत्या, कुणाला वेखंड घालायचं नव्हतं. केवढं ओझं वाहत होतो आपण, आणि तेही हौसेनं, असं तिला वाटून गेलं. पुण्याची ब्याग तिनं पुसून, तेल लावून स्वतःला ठेवली आणि पुढच्या बाजाराला ती हातात घेऊन ऐटीत बारामतीला गेली. डिंक, खारीक आणि खोबरं आणायला.

नव्या खोलीत सारजाचा खोकला हळूहळू उतरला. पुढच्या महिन्यात ती सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, गुटगुटीत, आणि घर दणाणून सोडील असा आवाज! पाचवी झाली, बारसं झालं, सव्वा महिनाही उलटला. तोवर शकुबाई रात्री दचकून उठायची, बाळाच्या नाकाशी बोट धरून बघायची आणि मगच पुन्हा आडवी व्हायची. सव्वा महिना पार पडला त्या सकाळी ती देवापुढं बसून पोटभर रडली. त्या रडण्यात दुःख नव्हतं. जीव भांड्यात पडला होता.

डोळे पुसत ती खोलीत आली तर खिडकीपाशी कोवळ्या उन्हात धोंडाबाई बसल्या होत्या. मांडीवर पणती, सारजाची लेक. म्हातारी तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"आत्याबाई, काय बगताय एवढं?"

"भुवया बगती," धोंडाबाई म्हणाल्या. "सोनेरी केस हायेत गं बारीक बारीक. असं असतंय व्हय? माजी सात झाली शकू. समद्यांची तोंडं म्या दिव्याच्या उजेडात बगितली. चार तर तेवढीच बगाया मिळाली. उन्हात कशी दिसली असती, कुणाला ठावं!"

शकुबाई तिच्याजवळ बसली. सासूनं सुनेचा हात धरला, आणि तो बराच वेळ सोडला नाही.

वाचकहो, त्या दोघींना कुणी दुष्ट म्हणू नये. मायेत त्या कुठं कमी नव्हत्या. वस्तू जपायच्या कशा हे त्यांनी डोळे उघडे ठेवून शिकून घेतलं होतं, आणि माणूस जपायचं कसं हे मात्र मागून आलं तसं, न बघता, चालू ठेवलं होतं. आपल्यापैकी किती घरांत हेच चाललं आहे! चांगली खोली पाहुण्यांना, चांगली जागा पेटी-कपाटांना, आणि जिच्या पोटी घराचा वंश वाढायचा तिला ओल, धूर नि अंधार. रूढी म्हणून जे चालत आलं आहे ते एकदा कंदील धरून बघायला काय हरकत आहे? हौस करा, वस्तू घ्या, त्या वापरा, आवडीनं जपाही. पण घरातला उजेड आणि हवा यांवर पहिला हक्क माणसाचा आहे, आणि त्यातही बाळंतिणीचा. आज हे वाचून झालं की उठा, आणि आपल्या घरातल्या सगळ्यात उजेडाच्या खोलीत कोण राहतं ते बघून या.