उन्हाला दिलेली बाग

माईंनी पहिल्यांदा कंपाउंडर म्हणून हाक मारली, तेव्हा तात्या चक्क हसले होते. सकाळची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन ते पलंगाशी उभे राहिले, तर माईंनी सावरून बसत विचारलं, "कंपाउंडर, डॉक्टरसाहेब स्वतः कधी यायचे?"

"येतील हो," तात्या म्हणाले. "आधी ही घ्या."

त्यांना वाटलं, बायको थट्टा करतेय. माई होत्याच थट्टेखोर. उभ्या संसारात नवऱ्याची फिरकी घेतली नाही असा दिवस गेला नव्हता. पण दुसऱ्या दिवशीही कंपाउंडर, त्याच्या पुढच्या दिवशीही कंपाउंडर. तात्यांचं हसू हळूहळू आटलं.

दुपारी मात्र वेगळं असायचं. घरामागच्या उतारावर दोघांची संत्र्याची बाग होती. लग्नानंतर दोघांनीच लावलेली. खड्डे तात्यांनी खणले, रोपं माईंनी सरळ धरली आणि "डावीकडे, अजून डावीकडे" करत नव्या नवऱ्याला पार घामाघूम केलं. आता दुपारची झोप झाली की तात्या त्यांना हाताला धरून बागेत नेत, सावलीत खुर्ची टाकून बसवत आणि स्वतः छाटणीला लागत. जरा वेळाने खुर्चीतून आवाज यायचा.

"अहो! पुन्हा तिरकी कापलीत फांदी. हाताला वळण म्हणून नाही तुमच्या."

त्या एका 'अहो'साठी तात्या सकाळपासून कानांत प्राण आणून बसलेले असत. मग ते मुद्दाम आणखी एक फांदी तिरकी कापत.

डॉक्टर म्हणाले होते, काही तास बरे जातील, काही वाईट. बरे तास सांभाळा. तात्यांनी आपल्या परीने अर्थ लावला. झोप झाली की डोकं ताजं होतं, म्हणून ती दुपारी ओळखते. बागेचा त्यात काही हात असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

बाग तशी थकलेलीच होती. खोडांमधून डिंक गळत होता, फांद्या शेंड्याकडून वाळत होत्या, संत्रं लिंबाएवढं उतरत होतं. तात्या एकटे कुठेकुठे पुरणार? फवारणीला जावं तर माई घरात एकट्या, माईंजवळ बसावं तर बाग वाऱ्यावर. एका सकाळी ते पाण्याची मोटर चालू करून परत आले, तो घराचं दार सताड उघडं. माई डांबरी रस्त्याच्या मधोमध सापडल्या, अनवाणी. मालाने भरलेला एक ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, आणि ड्रायव्हर खाली उतरला होता. "आजोबा, ब्रेक लागला म्हणून हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

ते कळल्यावर शहरातून लेक धावत आली. एकुलती एक. इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला होती. आईचे पाय कोमट पाण्याने धुता धुता ती म्हणाली, "तात्या, दोन्ही डगरींवर हात नाही ठेवता यायचा. एक तर बाग, नाहीतर आई."

"मग काय विकू?"

"विकायची कशाला? विजेच्या सबस्टेशनच्या आसपासची जमीन सौरऊर्जावाले भाड्याने घेताहेत. मालकी आपलीच राहते, भाडं घरपोच. पेरायचं नाही, फवारायचं नाही. ऊन तेवढं त्यांचं."

"ऊन काय माझ्या बापाचं आहे भाड्याने द्यायला?"

लेक हसली. मग तात्याही हसले, आणि लेकीने आईचे पाय टॉवेलने पुसायला घेतले.

कंपनीचा इंजिनिअर आला तो सरळ माणूस होता. उन्हाने त्याच्या नाकाचं साल गेलं होतं. उताराचं तोंड दक्षिणेला, विजेची लाइन जवळ, असं म्हणून तो खूश झाला. तात्यांनी विचारलं, "आणि झाडं?"

इंजिनिअरने मान खाली घातली. "आजोबा, पॅनेलवर सावली पडली की वीज नाही. झाडं काढावी लागतील." मग उताराकडे पुन्हा एकदा बघून म्हणाला, "वरच्या बांधालगतची एक ओळ ठेवता येईल. तिची सावली पलीकडे पडते."

"ती ठेवा," तात्या म्हणाले.

त्या दुपारी माई खुर्चीत बसल्यावर तात्या छाटणीला गेले नाहीत. त्यांच्या पायाशी बसले. "बाग देऊन टाकू का गं?"

माईंनी वर फांद्यांकडे पाहिलं. नजर अगदी स्वच्छ होती. "द्या की. म्हातारी झालीत झाडं. तुम्हीही झालात."

"मग मी दिवसभर घरातच असेन. तुझ्यापाशी."

"अरे देवा!" माई म्हणाल्या. "म्हणजे दिवसभर तुमची लुडबुड." आणि त्यांनी तात्यांच्या डोक्यावरचं वाळलेलं पान उचलून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी सही केली. बायकोने पूर्ण भानावर असताना हो म्हटलं होतं. आणखी काय हवं होतं?

करवतीचा आवाज तिच्या कानावर पडू नये म्हणून ते तिला घेऊन लेकीकडे राहिले. तिथे दुपारीही माईंच्या तोंडी कंपाउंडरच आलं, तेव्हा परक्या घराचा गोंधळ असेल असं तात्यांनी धरलं. उतारावर पॅनेल उभे राहून कुंपण लागल्यावरच परतले. तात्यांनी घरात सगळी तयारी केली. दाराला वरून कडी लावली, खुर्ची रस्त्याकडच्या खिडकीशी ठेवली, स्वयंपाक शिकायला घेतला. आता दिवसभर वेळच वेळ होता. पहिल्या दुपारी माई झोपून उठल्या आणि म्हणाल्या, "कंपाउंडर, पाणी द्या."

प्रवासाचा शीण असेल, असं तात्यांनी मनाला समजावलं. पण पुढच्या दुपारी तेच, त्यापुढच्या दुपारीही तेच. झोप पुरेशी होत होती. गोळ्या चालू होत्या. तात्या समोर बसून लग्नातल्या गमती सांगत आणि माई शेजाऱ्याचं ऐकावं तशा सभ्यपणे ऐकून घेत. "छान आहे हो तुमचं," म्हणत.

मग एका दुपारी वरण ढवळता ढवळता तात्यांच्या मनात लख्ख आलं. झोप नव्हे. बाग. ती बागेत ओळखायची. हातातला डाव तसाच राहिला आणि वरण करपल्याचा वास घरभर पसरला.

ते धावतच तिला घेऊन वरच्या बांधाकडे निघाले. एक ओळ शिल्लक होती ना! झाडं तीच, मातीही तीच. खुर्ची काखेत मारून तात्या चालत होते आणि वाटेत एकसारखे बोलत होते. "आता बघ हं. आता बघ."

बांधावर पोचल्यावर माई थबकल्या. झाडांच्या ओळीखाली सबंध उतार निळा, चकचकीत पसरला होता. उन्हात हलल्यासारखा वाटत होता.

"पाणी," माई म्हणाल्या.

"पाणी नाही गं. काचा आहेत त्या. विजेच्या."

"केवढं चढलंय पाणी! बाग कुठाय?" त्यांनी तात्यांचा हात घट्ट धरला. आणि मग उताराकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडल्या, "अहो! अहो, वर या!"

इतक्या दिवसांनी ती हाक तात्यांच्या कानावर पडली. ते समोर जाऊन उभे राहिले. "मी इथेच आहे. हा बघ. माझ्याकडे बघ."

"सोडा मला, कंपाउंडर! आमचे हे आत आहेत. पोहता येत नाही त्यांना."

खरंच येत नव्हतं. एवढं सगळं पुसलं गेलं आणि तेवढं तिच्या लक्षात राहिलं होतं.

तात्यांनी तिला कवेत धरून कसंबसं खाली बसवलं. माई गुडघ्यांत डोकं घालून रडल्या. त्या रडत होत्या तशी विधवाच रडते. तात्यांना ते बघवेना. आपण जिवंत असल्याचं तिला कुठल्या शब्दांत सांगावं ते सुचेना, आणि तेही रडू लागले. जरा वेळाने माईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्हीही ओळखत होता का त्यांना?"

"हो," तात्या म्हणाले. "थोडंफार."

"फार चांगले होते हो."

लेकीला फोनवर हे सांगताना तात्यांनी बरंच गाळलं, तरी ती हुंदके देऊ लागली. "मीच सुचवलं, तात्या. मीच."

"वेडी आहेस का? तो ट्रक विसरलीस? बाग ठेवली असती तर आज आईच नसती." हे खरं होतं. तात्यांना त्याचा काडीचा आधार वाटत नव्हता, पण लेकीला वाटला.

भाडं वेळेवर येतं. त्यातून सकाळी माईंना आंघोळ घालायला एक बाई येते. आजूबाजूचे जमीनवाले तात्यांना विचारायला येतात, आम्हीही देऊ का म्हणून. "द्या," तात्या सांगतात. "लबाडी नाही त्यात." पुढे काही सांगावंसं त्यांना वाटतं, पण समोरच्याला चहा विचारून ते विषय बदलतात.

पाणी चढल्याचं माई विसरल्या. नवरा गेल्याचंही कधी आठवतं, कधी नाही. तात्यांची मात्र त्यांना सवय झाली आहे, विश्वासही बसला आहे. फक्त संध्याकाळ झाली की त्या बेचैन होतात. परका पुरुष दिवेलागणीनंतर घरात कसा?

"तुमच्या घरी कोण आहे?" त्यांनी एकदा विचारलं.

"बायको आहे."

"मग जा ना आता! वाट बघत असेल ती. बायकांच्या जिवाला किती घोर असतो, तुम्हाला नाही कळायचं."

पहिल्या दिवशी तात्यांनी थांबायचा हट्ट केला, तर माई भिंतीशी अंग चोरून उभ्या राहिल्या. तेव्हापासून तात्या हट्ट करत नाहीत. "येतो," म्हणतात, पुढच्या दाराने बाहेर पडतात आणि घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराने आत येतात. चपला हातात धरून ओट्याला टेकतात. आतल्या खोलीत माई अंथरूण झटकत असतात, उशी सारखी करत असतात. मग हालचाल थांबते. श्वास संथ झाल्याचं ऐकू येईपर्यंत तात्या तिथेच उभे असतात.