डाव्या हाताचं दुपटं

पुतळाबाईने भांडी घासता घासता हात पदराला पुसले, कमरेचा मोबाइल काढला आणि मालतीबाईंच्या नाकासमोर धरला.

"बघा हो बाई, तुमच्या मैत्रीण फेमस झाल्या. आमच्या नरोलीच्या चाळीत समद्या बाया बघू राहिल्या."

मालतीबाईंनी चष्मा शोधला. स्क्रीनवर लीला होती. वेताच्या खुर्चीत बसलेली, पाठीमागे प्लॅस्टिकचा वेल, ओठांना लाली. पंच्याहत्तराव्या वर्षी लाली! नोकरीत असताना साधी पावडरसुद्धा लपून लावणारी बाई. मांडीवर एक क्रोशाचं दुपटं पसरलेलं, आणि लीला त्यावरून हात फिरवत गोड आवाजात सांगत होती, "हे मी माझ्या हर्षलसाठी विणलं, माझ्या या हातांनी. सातव्या महिन्यातच आला होता हो. तो काचेच्या पेटीत, आणि मी बाहेर सुई घेऊन बसलेली."

मालतीबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. या खेपेला त्यांनी लीलाकडे बघितलं नाही, दुपट्याकडे बघितलं.

"ते माझं आहे," त्या म्हणाल्या.

"काय तुमचं?"

"दुपटं. मी विणलंय ते."

पुतळाबाई खो खो हसली. "मंग त्या कसं काय बोलू राहिल्या माझ्या हातांनी? हात बी तुमचेच नेले का काय?"

मालतीबाई हसल्या नाहीत. अठ्ठ्याऐंशी सालचा डिसेंबर त्यांना परवाचा असल्यासारखा आठवत होता. तेव्हाचं सिल्वासा म्हणजे टोकरखाड्यापासून बाजारापर्यंत चालत जावं, तर वाटेत सहा ओळखीची माणसं भेटायची आणि सहाही जण कुठे निघालात म्हणून विचारायची. मालतीबाई लांज्याहून आलेल्या, त्यांचे यजमान दत्तात्रय बांधकाम खात्यात. लीला दादरची, आपल्याला जंगलात आणून टाकलंय असा चेहरा करून वर्षभर वावरलेली. दोघी एकाच मराठी शाळेत, शेजारशेजारच्या वर्गांवर. हर्षल जन्मला तेव्हा पावणेदोन किलोचा होता. लीला खाटेवर पडून नुसती रडत होती. त्यात तिचा दोष नव्हता, कुठलीही आई रडली असती. पण सुई मालतीबाईंच्या हातात होती. त्यांनी अकरा दिवसांत दुपटं पुरं केलं. मधल्या सुट्टीत विणलं, फळ्यावर गणितं लिहून दिल्यावर मुलं सोडवेपर्यंत विणलं. दत्तात्रय कचेरीच्या कामाला मुंबईला गेले, त्यांना तीन पदरी मऊ लोकर आणायला सांगितली. साय रंगाची सांगितली, त्यांनी लिंबू रंगाची आणली, कारण त्यांना दोन्ही सारखेच दिसत. वीण इतकी घट्ट, की दोन खांबांमध्ये, म्हणजे दोन उभ्या टाक्यांमध्ये, काडेपेटीची काडीसुद्धा शिरू नये. तान्ह्या मुलाची बोटं जाळीत अडकतात, पिळली जातात, हे तेव्हा प्रत्येक विणणाऱ्या बाईला माहीत असे.

आता कुणाला काय माहीत असतं? राखोलीपासून नरोलीपर्यंत कारखान्यांतून रोज टनावारी धागा निघतो आणि त्यातला वारभरही धागा बाळाच्या अंगाला लावायच्या लायकीचा नसतो. तरी त्याचीच दुपटी होतात. भोकाभोकांची, मधोमध लोकरीचं अस्वल शिवलेली, कोपऱ्यांना गोंडे लटकवलेली. बाळ गोंडा तोंडात घालणार, हे विणणारणीच्या डोक्यातच येत नाही, कारण तिच्या डोक्यात बाळ नसतंच, फोटो असतो. बाळाला त्यावर नागडं निजवायचं, बाजूला महिन्याचा आकडा ठेवायचा, फोटो काढायचा, की दुपटं परत पिशवीत, आणि पिशवी पुढच्या बारशाला. मालतीबाईंच्या ओळखीचं एक दुपटं अशा चार बारशांना जाऊन आलं होतं आणि एकदाही ओलं झालं नव्हतं. दुपट्याचा याहून मोठा अपमान त्यांना ठाऊक नव्हता.

पुतळाबाई गेल्यावर त्यांनी लीलाला फोन लावला.

"बघितलास व्हिडिओ?" लीला खुशीत म्हणाली. "नव्वद हजार लोकांनी बघितलाय! श्रुतीची सगळी हौस. आठवा चाललाय, पण पोरगी स्वस्थ बसेल तर शपथ."

श्रुती म्हणजे लीलाची सून, हर्षलची बायको.

"लीला, ते दुपटं कुणी विणलं?"

लीला हसली. "अगं, तेवढं काय घेऊन बसलीस! श्रुतीने लिहून दिलं ते मी बोलले. तिला मी कधी काळी सांगितलं असेन मीच विणलं म्हणून. आता सुनेसमोर कुठे..."

"मग मी सांगते सुनेला."

"नको, नको. रविवारी डोहाळजेवण आहे ना, तेव्हा मीच सांगते सगळ्यांसमोर. तुझं नाव घेऊन. झालं समाधान?"

"सगळ्यांसमोर."

"हो गं बाई, सगळ्यांसमोर!"

मालतीबाईंना पैसे नको होते, नव्वद हजार माणसं नको होती. लीलाने तोंड उघडून एक वाक्य बोलावं, आणि ते हर्षलने ऐकावं, एवढंच. सदतीस वर्षांचा बाप्या झाला तरी रस्त्यात दिसला की 'मालूमावशी' म्हणून गाडी थांबवतो. त्याला कोणी गुंडाळलं होतं, हे त्याला ठाऊक नसावं?

रविवारी त्या ठेवणीतली साडी नेसून किलवणी नाक्याजवळच्या हॉलवर गेल्या. डोहाळजेवण कसलं, दुकानाचं उद्‌घाटन वाटत होतं. दारात फुग्यांची कमान. श्रुती फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलेली. ओटी भरली जात होती, हे मात्र रीतसर. पण कोपऱ्यात एक लांब टेबल, आणि त्यावर बाळाच्या वस्तूंचं प्रदर्शन! टोपडी, मोजे, लोकरीचे ससे, पाच दुपटी. मालतीबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या काळी मूल हाती येईपर्यंत घरात कोणी बाळाच्या नावाने नवी चिंधी आणत नसे. बाळंतविडा बारशाला. त्याच्या आधी विणायचंच असेल, तर शेजारणीकडे ठेवायचं आणि कुणाचं म्हणून विचारलं तर 'असंच' म्हणायचं. इथे मूल पोटात, आणि त्याच्या मोज्यांवर नाव विणून तयार. मुलाचं एक, मुलीचं एक.

टेबलाच्या मधोमध, काचेच्या पेटीत, त्यांचं दुपटं.

त्याला किनार लावलेली होती. चारी बाजूंनी शिंपल्यांच्या नक्षीची, गुलाबी-जांभळ्या चमकीच्या धाग्याची. जुन्या मऊ लिंबू रंगाभोवती ती अशी दिसत होती, की एखाद्या म्हाताऱ्या गुरुजींना कोणी लग्नाच्या बँडवाल्याचा कोट घातलाय.

"ही किनार कोणी केली?" त्यांनी श्रुतीला विचारलं.

"मम्मींनीच, मावशी! मागच्या महिन्यात. म्हटलं जुनं जरा डल दिसतं ना कॅमेऱ्यात. छान पॉप होतंय ना आता?"

"हो तर," मालतीबाई म्हणाल्या. "लांबूनच ओरडतंय."

श्रुतीला ते कौतुक वाटलं. तिने मोबाइल सेल्फीच्या काडीला लावला आणि सगळ्या बायकांना टेबलाभोवती बोलावलं. हर्षल हातात सरबताचे पेले घेऊन मागे उभा राहिला. लीलाने पेटीतून दुपटं काढलं, छातीशी धरलं. मालतीबाईंकडे तिची नजर गेली आणि लगेच कॅमेऱ्याकडे वळली.

"तर हे," लीला म्हणाली, "आमच्या घरातलं सगळ्यात जुनं दुपटं. हर्षलसाठी..." ती क्षणभर थांबली. "हर्षलसाठी त्याच्या आईने केलेलं. आणि आता त्याच्या बाळासाठी आजीकडून."

टाळ्या पडल्या. कोणीतरी "सो स्वीट" म्हणालं.

"मम्मी, थोडं विणून दाखवा ना, लाइव्ह," श्रुती म्हणाली. "हे, इथे कोपऱ्यात धागा सोडलाय बघा."

लीलाने सुई घेतली आणि चार खांब घातले. मोठ्या ढिल्या फासांचे, चाळीस वर्षांपूर्वी घालायची तसेच. तेव्हा मालतीबाईंसमोर बसून आरशात बघितल्यासारखी ती शिकायला लागली होती. साखळी आली, खांब आला, तिथे कंटाळा आला.

"दे बघू इकडे," म्हणत मालतीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी दुपटं हातात घेतलं. शाळेत वही काढून घेत तसंच, म्हणून लीलाने आपोआप सोडलं.

"लीला, कोणी विणलं हे?"

"अगं मालती..." लीला हसायला लागली. "आपल्या दोघींचंच की! दोघींचं म्हण."

"दोघींचं?"

"हो ना. त्यात काय माझंतुझं!"

"बरं. मग दोघींचं वेगळं करू."

त्यांनी सुईवरचा शेवटचा फास मोकळा केला आणि धागा ओढला. लीलाने आत्ताच घातलेले चार खांब सुळकन उसवले. मग पाचवा, सहावा. मग आख्खा शिंपला.

"मावशी, काय करताय? लाइव्ह चालू आहे!" श्रुती ओरडली.

"चालू दे."

"मालती, वेड लागलंय का तुला? माझं दुपटं उसवतेस?" लीला आता हसत नव्हती.

"तुझं तेवढंच उसवतेय," मालतीबाई धागा बोटांवर गुंडाळत म्हणाल्या. "हर्षल, इकडे ये. आईला विचार, सुई कुठल्या हातात धरते."

"उजव्या," हर्षल गोंधळून म्हणाला. "आत्ताच तर..."

"आणि मी?"

त्याने त्यांच्या हातांकडे बघितलं. दुपटं उजव्या हातात होतं, धागा डावा ओढत होता.

"माझी आजी हा हात पंच्याने बांधून ठेवायची, उजव्याने जेवावं म्हणून," मालतीबाई म्हणाल्या. "जेवायला शिकले. लिहायलाही शिकले. सुईकडे कोणी लक्ष दिलं नाही, ती डाव्यातच राहिली. दुपटं मधून सुरू होतं आणि गोल गोल बाहेर येतं. उजव्या हाताची बाई एका बाजूने फिरते, मी दुसऱ्या बाजूने. हे मधले फेर बघ. डोळे आहेत ना? खांब कुठे कलतात बघ. आणि ही आईची किनार बघ, राहिलीय ती."

हर्षल वाकला. दोन बायकाही वाकल्या. लिंबू रंगाचे सगळे खांब एका अंगाला झुकलेले, चमकीचे दुसऱ्या. एकदा दिसल्यावर न दिसणं शक्य नव्हतं.

"अय्या, खरंच की," एक बाई म्हणाली आणि लीलाकडे बघून गप्प झाली.

मालतीबाई उसवत राहिल्या. चार बाजू म्हणजे काही क्षणाचं काम नव्हतं. बोटं संधिवाताने सुजलेली, तरी घाई केली नाही. मधे कुठे धागा अडला तर नखाने सोडवला, जुनी लोकर ताणली जाऊ नये म्हणून. झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती. लीला एकदा "बास आता" म्हणाली, एकदा "लोक बघताहेत" म्हणाली. मालतीबाईंनी मान वर केली नाही. शेवटचा शिंपला सुटला तेव्हा त्यांच्या हातात लिंबाएवढा एक चमचमता गुंडा होता.

त्यांनी तो लीलाच्या तळव्यावर ठेवला.

"हे तुझं. महिनाभर खपली असशील, जपून ठेव."

लीलाचा चेहरा लालीपेक्षा लाल झाला. श्रुती त्या गुंड्याकडे बघत होती, मग सासूकडे. "मम्मी, म्हणजे पेटीजवळ बसून वगैरे..."

"मालतीने विणलं होतं," लीला पुटपुटली.

"मोठ्याने," मालतीबाई म्हणाल्या. बत्तीस वर्षं चौथीच्या वर्गाला म्हटलं होतं तसंच.

"मालतीने विणलं होतं!" लीला जवळजवळ ओरडली. "झालं? मी पडून होते, मला उठवत नव्हतं, आणि हिने विणलं. अकरा दिवसांत विणलं. आणि गावभर सांगत फिरली नाही, म्हणून... म्हणून मीच सांगत गेले."

हे मालतीबाईंना अपेक्षित नव्हतं. अकरा हा आकडा लीलाला आठवत असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. म्हणजे माहीत होतं. सदतीस वर्षं पुरतं माहीत होतं, आणि तरीही. त्यांना लीलाची थोडी कीव आली असती, पण तेवढ्यात श्रुतीने घाईघाईने मोबाइल काडीवरून काढला आणि म्हणाली, "नंतर ठेवताना हा भाग मी कट करते हं, मम्मी." कीव आली तशी गेली.

त्यांनी दुपटं चौपदरी घडी करून हर्षलच्या हातात दिलं.

"कोमट पाण्यात धू. उन्हात टाकू नको, सावलीत आडवं वाळव. आणि मूल हाती आल्याशिवाय त्याच्या नावाने उघडू नको. आल्यावर मात्र रोज वापर. शी-शू होऊ दे त्यावर. फाटलं तर मला सांग, मी जोडून देईन."

"मावशी, मला कधीच कोणी..." हर्षल म्हणाला.

"कोण सांगणार? चल, जेवायला वाढलंय का बघू. इतकं बोलून भूक लागलीय मला."

जेवणाच्या रांगेत तो त्यांच्या मागे उभा होता. एका हातात ताट, दुसऱ्या काखेत दुपटं. वाढणाऱ्याने ते टेबलावर ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा तो "राहू दे" म्हणाला आणि भजी एका हातानेच घेतली.