सातव्या डब्याचे सेल

प्रतापरावांच्या द्राक्षबागेत आम्ही बसवलेले बारा डबे दर तासाला मातीतील ओल मोजत आणि पंपघरातील संगणकाला तारेवाचून कळवत. २००५ साली हिमायतनगरातील आमच्या छोट्या कंपनीचे हे पहिलेच काम होते आणि निवृत्तीनंतर मी तेथे देखरेखीला लागलो होतो. प्रत्येक डब्यात दोन पेन्सिल सेल. ते सहा महिने पुरतील, असा मृण्मयीचा हिशेब होता. पुण्याहून आलेल्या या हुशार मुलीनेच डब्यांचा सगळा प्रोग्राम लिहिला होता.

एकोणिसाव्या दिवशी पंपघरातील संगणकावर बाग गप्प झाली.

मल्टिमीटर घेऊन मी बाराही खांब फिरलो. अकरा डब्यांचे सेल जवळजवळ भरलेले होते, तरी त्यांचा एकही आकडा पोहोचत नव्हता. पंपघराच्या दाराशी असलेल्या सातव्याचे सेल मात्र पार रिकामे. रिकामा डबा गप्प बसेल, हे समजत होते. भरलेले का गप्प बसावेत, हे समजेना. पद्धत म्हणून मी अफझलगंजच्या बाजारातून नवे सेल आणून बाराही डब्यांत घातले. बाग बोलू लागली. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी पुन्हा तेच, आणि पुन्हा सातव्याचेच सेल रिकामे.

पंपघरात गंगू राहत असे. बागेचे पाणी आणि राखण तिच्याकडे होती. मी अहवालात लिहिले, ‘सातव्या डब्यात मानवी हस्तक्षेपाची शक्यता.’ वाक्य मला तेव्हा काटेकोर वाटले होते. प्रतापरावांनी ते तिला माझ्यासमोर वाचून दाखवले.

“हात लावायला त्या डब्यात काय गूळ ठेवलाय, साहेब?” गंगूने मला विचारले.

“रेडिओत घातले असशील सेल,” प्रतापराव म्हणाले.

“माझा रेडिओ विजेवर चालतो, मालक. तुम्हीच दिला, तोही मोडका.”

प्रतापरावांनी तिला विद्यानगरला बहिणीकडे पाठवले. ती नसताना सेल टिकले, तर तिचे काम गेले, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले.

मी सातव्या खांबावर अकरावा डबा लावला आणि अकराव्यावर सातवा. पुन्हा सर्वत्र नवे सेल. सातव्या खांबावरच्या डब्याला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवली. अठराव्या दिवशी बाग गप्प झाली. कुलूप जसेच्या तसे होते, आतले सेल रिकामे. आणि ज्या मूळच्या सातव्या डब्यावर माझा संशय होता, तो अकराव्या खांबावर भरलेल्या सेलांनिशी बसला होता. डबा बदलला होता, बाई तेथे नव्हतीच. मरत होती ती जागा.

मी मृण्मयीला फोन केला.

“काका, पंपघरापर्यंत निरोप थेट फक्त सातव्या खांबावरूनच पोहोचतो. बाकीचे एकमेकांकडे देत देत शेवटी त्याच्यापाशी येतात.”

“मग सहा महिन्यांचा हिशेब?”

“तो प्रत्येकाच्या स्वतःच्या निरोपाचा होता. दुसऱ्यांचं पुढे पाठवणं मी धरलंच नाही. आणि त्यांचं ऐकायलाही वीज लागते.”

“ऐकायलाही?”

“हो, काका.”

चाळीस वर्षे यंत्रांत काढून हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

मी दुरुस्त अहवाल प्रतापरावांपुढे ठेवला.

“म्हणजे बाईनं काहीच केलं नाही?”

“नाही. चूक आमची.”

“हौ, पण लिहून तर तुम्हीच दिलं होतं. आता मी तिला कोणत्या तोंडानं बोलवू?”

“मी बोलावतो,” मी म्हणालो आणि विद्यानगरला गेलो.

गंगूने सगळे ऐकून घेतले. “येते. पण तो डबा माझ्या दारातून काढा. उद्या परत मेला, की परत माझंच नाव.”

“गंगूबाई, तो तिथंच लागतो. त्याच्याशिवाय बाकीच्या अकरांचं पोहोचत नाही.”

“मग त्यांना दुसरं दार दाखवा.”

तिसऱ्या दिवशी ती गाठोडे घेऊन पंपघरापाशी आली, पण आत जाईना. बागेच्या नकाशावर मी तीन नव्या जागा आखून तपासल्या होत्या. एकीवरूनही पंपघरापर्यंत काही पोहोचत नव्हते.

“काढू नका, काका,” मृण्मयी फोनवर म्हणाली. “प्रोग्राममध्ये दुसरी वाट लिहायला मला महिना तरी लागेल.”

गंगू उन्हात तशीच उभी होती. मी सातव्या खांबावरच्या डब्याचे चारही स्क्रू काढले. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतले. मी डबा हातात धरून द्राक्षांच्या दोन रांगांमध्ये उभा राहिलो. कोणत्या खांबाकडे जावे, ते मला कळत नव्हते.