पाच वाजताची खिडकी

माघातलं ऊन. पाच वाजताचं. मधाच्या रंगाचं, हळदओलं, मंदमधुर. माण तालुक्याच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर ते सांडतं आणि दगडसुद्धा घटकाभर सोन्याचे होतात. अजून तासभर, चांगला तासभर, आभाळ पेटलेलं राहणार असतं.

आणि नेमका तेव्हाच, वृद्धाश्रमाच्या सात नंबरच्या खोलीत दिवस संपवला जातो.

मावळत नाही. संपवला जातो.

शेवंतामावशी येते. म्हाताऱ्यांना गारठा बाधतो, म्हणून रंग फासलेल्या काचांची खिडकी लावते, कडी घालते. मग हर्षदला चाकाच्या खुर्चीतून उचलून खाटेवर ठेवते. हर्षद फडतरे. वय पंचवीस. सरहद्दीवरच्या सुरुंगानं त्याचे पाय नेले नाहीत. नुसते निःशब्द करून ठेवले. दवाखान्यानं सोडलं. घरी उचलणारं कुणी नाही. तरुण जायबंद्याला जिल्ह्यात दुसरी जागा नाही. म्हणून इथे. सव्वीस पिकल्या डोक्यांत एक काळंभोर डोकं. व्यायाम करून घ्यायला माणूस येणार होता. दिवाळीला येणार होता.

"मावशी, आज अर्धाच तास उशिरा निजवा की."

"बाळा, सत्तावीस जणांना मी एकटी. साडेपाचची एसटी चुकली तर घरी कशी जाऊ?"

खरं असतं. खरं असतं म्हणूनच भिंतीहून घट्ट असतं.

साडेपाचला काचेपलीकडे पावलं येतात. भरतीची तयारी करणारी गावची पोरं. धप धप. धप धप. धूळभरली, श्वासभिजली पावलं. त्यात एक पाऊल जड. शेवटचं. टाचेवर पडणारं. असाच पळाला तर याची नडगी जाणार, भरतीच्या आधीच जाणार. हर्षदला कळतंय. हर्षद दोनदा ओरडलाही. काचेनं आवाज गिळला.

रविवारी पाहुणे आले. ज्येष्ठांचा सत्कार. शाल, श्रीफळ, आणि प्रत्येकाला एक काठी. यादीत सत्तावीस नावं, म्हणून सत्तावीस काठ्या. हर्षदच्या मांडीवरही एक ठेवली. हात जोडले. फोटो काढला.

शेजारच्या खाटेवरचे तात्या गोंजारी, वय ब्याऐंशी, बोळक्या तोंडानं हसले. "घे की फौजी! आता पळशील बघ."

हर्षदही हसला. आणि हसता हसता थांबला. काठीची मूठ वाकडी होती. आकड्यासारखी.

सोमवार. खाटेवर निजवलेला देह, कोपरावर रेललेली छाती, काठी धरून लांबवलेला हात. मूठ कडीला अडकली. निसटली. अडकली. कडी निघाली. मग एकच ढोसणी, आणि केशरी उजेड खोलीत कोसळला. मागोमाग वारा, बर्फधारेचा.

तात्यांनी गोधडी नाकापर्यंत ओढली. "राहू दे उघडी," आतून म्हणाले. "ओरड तू."

धप धप. धप धप.

"ए शेवटच्या! टाच नको! पंजावर पळ, पंजावर!"

"हो सर!" धापेतून आलं. कोण, कुठून, बघायला कुणी थांबलं नाही. पण ठेका बदलला. टप. टप. टप. हलका, पाखरपायी, वळणापर्यंत. मग वळणापलीकडे. मग नुसती सोनेरी धूळ.

हर्षदची छाती भात्यासारखी हलत होती. कपाळावर घाम होता. जणू तोच पळून आला होता.

ऊन खाटेवर चढलं. चादरीवर आलं. चादरीखालच्या दोन पायांवर थबकलं. जुळलेले पाय, सरळ पाय, सावधान उभ्या शिपायासारखे आडवे पाय. पाच वाजल्यापासून सावधान. सात महिन्यांपासून सावधान.

आणि विश्राम म्हणणारं कुणी नाही.